फुलगळ

एका यंत्रणेत त्या पुल्ली एल.,
दुसरीत दासरी लक्ष्मीनरसम्मा,
जुन्या अहवालात नुसत्या ‘व इतर’.
डाळिंबाच्या फुलगळीवर तिघींनी
एकाच आंबे बहरात, एकाच बागेत
काम केलेलं दिसतं.

मुख्यालयाचं पत्र आहे: एकतीस मार्चपूर्वी
प्रकल्पांची यादी आणि निबंधांचं भांडार
एकमेकांना जोडावं.
जोडतोय. सोलापूरचा मार्च, कूलरमधलं पाणी संपलेलं.
पडद्यावर प्रश्न: या व्यक्ती एकच आहेत काय?
होय.
मग कोणतं नाव ठेवायचं?

फोन लावला. बाई दत्तनगरात असतात,
मागे यंत्रमागांचा खडखडाट इतका
की तीनदा विचारावं लागलं.
“कुठलं पण ठेव की,” म्हणाल्या,
“पण मल्लप्पा कोरे आहे का त्यात?
चाळिशीच्या उन्हात झाडाखाली बसून
पडलेलं फूल न् फूल मोजायचा.
आकडे त्याचे. तक्ते तेवढे माझे.”

शोधलं. मल्लप्पा कुठेच नाही,
स्पेलिंग बदलूनही नाही.
फक्त एका स्कॅनच्या कडेला, पेन्सिलीनं:
‘आज गळ ३१२. वारा होता. म. को.’

‘भूमिका’ या रकान्यात पर्याय चार.
फुलं मोजणारा, असा पाचवा नव्हता.
बाईंना पुन्हा विचारून
शेऱ्यात लिहिलं त्याचं नाव,
वडिलांच्या नावासकट.

रात्री दोनला जुळणी झाली.
संदेश आला: चुका शून्य.
सकाळी उघडलं तर
बाई एकच झाल्या होत्या, एकोणीस निबंधांच्या.
शेरा हा रकाना
पलीकडे नव्हताच.