कौल

डॉक्टर कट्टीमनी बाई मूळच्या गोकाकच्या.
मराठी बोलतात ती थांबत थांबत,
ओढ्यातल्या दगडांवरनं पाय टाकावा तशी.
रिपोर्ट उलटा करून त्यांनी पाठीमागं रेघ काढली:
आडवी, जराशी खाली, परत आडवी, परत खाली.
"जिना समजा, ओमाण्णा.
तुमच्यासारखे शंभर जण वरच्या पायरीवर.
पाच वर्षांनी इथं. बेचाळीस."

बायको म्हणाली, "त्यात ह्येंचं किती?"
बाई पेनाला टोपण लावत राहिल्या.

खरं सांगू, मला हे नवीन नव्हतं.
खानापुरात कौलांच्या कारखान्यात
एकतीस वर्षं भट्टी लावली मी.
मालक विचारायचा, ह्या खेपेला फुटीत किती जातील?
मलप्रभेकाठची माती चिमटीत चोळून,
लाकडं ओली का सुकी, वारं जांबोटीकडचं का कसं,
सगळं बघून मी सांगायचो: हजारात ऐंशी.
निघायची अठ्ठ्याहत्तर. कधी त्र्याऐंशी.
मालक खूश.
पण कुठली ऐंशी,
ते एकतीस वर्षांत एकदाबी सांगता आलं नाही.
एका खड्ड्यातली माती, एक साचा, शेजारी शेजारी रचलेली;
एक छपरावर चढायचं,
दुसरं गोठ्यापुढच्या चिखलात, पाय ठेवायला.

बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं.
"अष्टे री," म्हणाल्या. "आमचंबी तेवढंच."

मग मी रेघेवरच्या बारक्या उभ्या खुणांवर बोट ठेवलं.
"हे पडलेले?"
"न्हाई. हे तपासणीला यायचे थांबले.
शेवटचं बघितलं तेव्हा जिवंत होते.
त्यांना आम्ही गेले धरत नाही.
राहिलेबी धरत नाही."

त्या रात्री मला झोप लागेना,
तर मी त्या खुणांना नावं देत बसलो.
ही कणकुंबीचा मारुती, माझ्या शेजारच्या खाटेवरचा,
ज्याच्या आईला कन्नड फॉर्म वाचता येत नव्हता
आणि विचारायची लाज वाटायची.
ही निपाणीचा वखारीतला हमाल,
बरं वाटलं म्हणून आलाच नाही. किंवा.
ही चंदगडची सुलोचनाबाई.
कार्ड तिकडच्या सरकारचं, इकडं चालेना,
तशी ती कोल्हापूरला गेली.
आता तिथल्या कुणाच्यातरी रेघेत
ती नव्यानं पहिल्या पायरीवर उभी असेल,
शंभरातली एक,
पदर खोचून.

बायकोनं गावच्या माउलीला कौल लावला.
उजवी कळी पडली.
तिनं ते बाईंना सांगितलं, अगदी रक्ताचा आकडा सांगावा तसं.
बाई हसल्या नाहीत.
मीच हसलो: अगं, जन्मभर मी कौलंच लावली की,
ती कुणाचं ऐकत नाहीत.

कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली.
सगळीकडं स्लॅब आले.
आमच्या शाळेवर मात्र अजून माझी कौलं आहेत,
वानरं उड्या मारतात त्यावर,
दरवर्षी पाचसहा जातात.
मी मोजत नाही. मोजतो.

दर खेपेला बाई माझ्या बरगडीखाली, डावीकडं,
एक बोट ठेवून दुसऱ्यानं टिचकी मारतात,
पाणथरी कुठवर आली ते बघायला.
"उसिर हिडीरी."
मी श्वास धरतो.
भट्टी उघडली की कौल हातावर तोलून
मीबी अशीच टिचकी मारायचो:
खणखणीत वाजलं तर गाडीत,
बद्द वाजलं तर बाजूला.
मी बाईंच्या तोंडाकडं बघत नाही. नुसता कान देतो.
ठक्. ठक्.
एका जागी बद्द येतंच.
दोन बोटं.
मागल्या खेपेला तीन होती.

"पुढच्या सोमवारी," त्या लिहितात.
सोमवारी म्हणजे सातची गाडी धरली पाहिजे,
नाहीतर रांगेत दुपार होते.
बायकोला म्हटलं, भाकऱ्या पहाटेच कर.
न येऊन चालायचं नाही,
उगीच खूण व्हायची.