वाकडा फलाट

नहरबागच्या भुयारी स्थानकात उतरायला
त्रेसष्ट पायऱ्या आहेत.
मी चौसष्ट काढल्या होत्या.
एक खडकानं दिली नाही.

इथं आधी जकातनाका होता,
त्याआधी एक चिंच, तिच्याखाली नालबंद,
त्याच्याआधीचं सातबारावरही नाही.
आम्ही खणत गेलो तसा मुरूम संपला,
मग काळा पाषाण, पाषाणात पोकळ्या,
पोकळ्यांत पांढरे स्फटिक, खडीसाखरेसारखे.
ड्रिलवाल्या पोरांनी खिसे भरले
आणि दोन महिने शहागंजात
पर्यटकांना विकत बसली.

माझ्या नकाशात फलाट सरळ होता.
एकशे ऐंशी मीटर,
एका दमात ओढलेली रेघ.
घरी जेवताना बायकोला सांगितलं होतं मी तिच्याबद्दल.
ती म्हणाली, रेघच ना?

मग एका दुपारी सव्वीस फुटांवर
भिंतीला घाम आला.
चैत्र होता. खाम नदीत तेव्हा
प्लास्टिकशिवाय काही वाहत नव्हतं.
कंत्राटदार सरनोबत म्हणाले, सिमेंट मारा आत,
दोन तासांचं काम आहे.
पंप सुरूही झाला होता.

खैरुल्ला बंबावाले कुणी बोलावले, ठाऊक नाही.
चार पिढ्या नहरीतला गाळ काढणारं घर,
हातात नगरपालिकेचं पेन्शनचं पुस्तक,
ओळखपत्र म्हणून तेच दाखवत शिडी उतरले.
गाभण शेळीच्या पोटाला लावावा
तसा खडकाला कान लावला.
पंप बंद करायला लावला. परत लावला.
"चालू है ये," म्हणाले. "सोई नै अबी."

अनसूया ढगे मॅडम, मुख्य अभियंता,
मूळच्या सेलूकडच्या, कमी बोलणाऱ्या,
त्यांनीही कान लावला. हेल्मेट काढून.
बराच वेळ.
मग माझ्याकडे वळल्या:
"वाघमोडे, रबर आणा."

अकरा महिने गेले त्या रबरात.
फाइलवर शेरे आले: खर्चिक. अनावश्यक.
सौंदर्यदृष्ट्या अयोग्य.
फलाट चार अंशांनी वळला,
नवव्या खांबापाशी, नहरीला वाट देत,
जसा माणूस निजलेल्याला ओलांडत नाही,
पायथ्याकडून फिरून जातो.

वळणामुळे मोटरमनला शेवटचा डबा दिसेना,
म्हणून एक मोठा गोल आरसा बसवला.
कॉलेजच्या मुली त्यात वेणी नीट करतात,
मोटरमन थांबतो.

फरशीवरून समितीत भांडण झालं.
कमळं हवीत म्हणे, लेण्यांतल्यासारखी,
नाहीतर हिमरूची वेलबुट्टी.
मॅडमनी पर्समधून कडब्याचं एक पान काढलं,
सुकलेलं, घडी पडलेलं,
"हा पिवळा," म्हणाल्या, आणि बैठक संपली.
हवेचे तीन मनोरे मात्र मी काढले,
जुन्या बंब्यांच्या घाटाचे.
त्यांच्या उबेला वरच्या गल्लीतल्या बायका
कुरडया वाळत घालतात.
नकाशात ही सोय नव्हती.

निवृत्त झालो तरी गुरुवारी येतो,
फलाट तिकीट काढून.
घोषणा होते: फलाट वाकडा आहे, पाऊल जपून.
नवव्या खांबामागे एक लोखंडी झडप आहे,
ताटाएवढी. वर पाटी नाही;
पाटीवर कुणाचं नाव, यावर एकमत झालं नाही.

खैरुल्ला गेले. त्यांचा नातू मुदस्सिर
रात्रपाळीला झाडू मारतो इथं.
शेवटची गाडी गेली की झडप उघडतो,
आत डोकं घालतो,
मग जिन्याखाली बसून नोंदवही भरतो.
रकाने छापील आहेत, ठेकेदाराचे:
दिवे. पंखे. सरकता जिना. नळ.

परवा मी त्याच्या खांद्यावरून वाचलं.
नळ: बंद, आज आठवा दिवस.
आणि त्याच्याखाली, रकाना नसताना,
पेनानं आखून घेतलेल्या ओळीत,
पाणी: चालू.