पंचवीस फूट

रस्त्याच्या कडेपासून पंचवीस फूट,
घरानं तेवढं मागं सरून उभं राहायचं.
बाजूला आठ, मागच्या अंगाला तीस.
नेब्रास्कातल्या आमच्या गावाचा हा नियम.
मी केलेला नाही. मी टेप धरतो.

व्हर्ना कुचेराचं घर बरोबर पंचवीसवर,
सासऱ्यानं दोरी लावून बांधलेलं.
मग एमिलची उजवी बाजू गेली
आणि पायऱ्यांवर लाकडी उतार आला,
सहा फूट चार इंच, अंगणात घुसलेला.

तक्रार समोरच्या ऑरव्हिलची:
ओसरी दिली की हातपाय पसरतात.
आज उतार, उद्या पोर्च, परवा गॅरेज,
मग गावात रस्ता तरी कशाला ठेवता?

सुनावणीला माणसं चार, एक झोपलेला.
मंडळानं सवलत दिली, अटीवर:
चाकांची खुर्ची घरात असेपर्यंत.

मार्चमध्ये एमिल गेला.
तीस दिवसांची नोटीस घेऊन मी दारात.
व्हर्ना म्हणाली, खुर्ची आहे की घरात.
वाच नीट. माणूस कुठं लिहिलाय?

मी वाचलं.
खरंच, नव्हता.

तेवढ्यात ऑरव्हिल आला,
कठड्याला धरून, गुडघा ओढत, उतारावरून,
हातात फॉइल लावलेलं भांडं.
माझ्याकडं बघितलंन् नाही.
पायऱ्या त्याला केव्हापासून झेपत नाहीत
ते फायलीत नाही.

मी लिहिलं: पाहणी केली. खुर्ची आहे.
परतताना वाकून बघितलं, सवयीनं.
फळ्यांखाली गवत पिवळं पडलेलं,
सहा फूट चार इंच.