कोरी जागा

गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते पत्रूजी नन्नावरे.
चित्रकार म्हणून गावात कोणी ओळखलं नाही,
"पट्टीवाले" म्हणायचे.

सिंदेवाहीहून मी बदलीवर आलो तेव्हा
लाळ्या-खुरकुताच्या रजिस्टरांखाली सापडला गठ्ठा:
लसीकरणाचे छापील फॉर्म,
आणि त्यांच्या पाठीवर
कळलावी, टोकाला लाल, बुडाशी अजून पिवळी,
खाली पेन्सिलीनं "तलावाची पार, तान्हा पोळा".
बांध्यातला दवबिंदू, नखाएवढा,
त्याच्या केसांना चिकटलेल्या मुंगीसकट.
एक मुंगूस, अर्धंच;
तेवढ्यात कोणाची तरी म्हैस अडली असणार.

पाणी लसीच्या डब्यातल्या वितळल्या बर्फाचं.
ब्रश बोकडाच्या कानातल्या केसांचा.
शिपाई सांगतो, उन्हाळ्यात रंग
कागदाला टेकायच्या आत वाळायचा,
म्हणून मोहावर जाणाऱ्या बायांच्याही आधी
ते कंदील लावून बसायचे.

भागरथा गेडामची तांबडी गाय वाघानं मारली
त्या वर्षीची गोष्ट.
अर्जाला गाईचा फोटो जोडा, म्हणाला बाबू.
जित्या गाईचा फोटो कोण काढून ठेवते जी?
ती पत्रूजींकडे आली.
त्यांनी त्या गाईला दोनदा टाके घातलेले,
काही विचारावं लागलं नाही.
डावं शिंग आत वळलेलं,
मानेची लोंबती पोळी,
मांडीवर टाक्यांचा वण,
कपाळावर चांद.

"चांदाले पांढरा कोठून आणला जी?"
"आणलो नाही. तेवढा कागद सोडलो."

बाबूनं चित्र उलटून पाहिलं.
मागं लसीकरणाचा फॉर्म, रकाने रिकामे.
दोन्ही बाजू नियमात बसल्या नाहीत.

परवा भागरथाबाईच्या शेळीला सलाईन लावायला गेलो.
चित्र घरात नव्हतं, गोठ्यात होतं,
खुंट्याच्या वर, युरियाच्या पिशवीचं प्लास्टिक लावून.
धुरानं तांबडा उतरलेला,
चांद जुन्या तुपासारखा पिवळट.
मी म्हटलं, रंग गेला बाई.

ती गोवऱ्या रचत होती.
"म्हातारी झाली ना जी आता,"
म्हणाली, मान न वळवता.

मी शेळीच्या मानेत
शीर शोधत राहिलो.