चाळीस फुटी

तांगेनीनं आतून पत्र्यावर खडूनं खिडकी आखली
आणि ग्राइंडर हातात धरून तसाच उभा राहिला.

कंटेनर स्वस्त पडतो. वाळवी लागत नाही.
आठवड्याभरात दार लावून झोपता येईल.
पण दुपारी तवा, पहाटे बर्फाचा डबा,
आणि वॉल्व्हिस बेचं खारं धुकं
गंजाला दोन्ही वेळ जेवू घालतं.

समुद्राकडच्या पत्र्यावर कुणीतरी
रेघा ओढल्यात, पाच-पाचाच्या;
पोती मोजली असतील,
किंवा दिवस.

न्दापेवानं बाहीनं त्याचा खडू पुसला,
त्या रेघांवरच मोठी चौकट काढली.
"धुकं तिकडूनच येतं," तो म्हणाला.
"तुझी बोटही," ती म्हणाली.

ठिणग्या उडाल्या.
रेघांतल्या सात उरल्या.