बेटावर लांडगा नाही

बाइनीरमामाचा कुत्रा, स्कुगी,
आठव्या वर्षी अचानक मेंढ्यांना चावायला लागला.
त्याच मेंढ्या. त्यानंच हाकललेल्या,
धुक्यातून एकेक शोधून आणलेल्या.
मामा दारात बसून म्हणायचा,
बेटावर लांडगा नाही, कोल्हा नाही,
साप तर शपथेलासुद्धा नाही,
मग हा दात कुणासाठी परजतो?

त्याच हिवाळ्यात मला शौचाला रक्त पडलं.
कुणाला बोलले नाही.
ह्वाल्बाच्या शाळेत शिकवत होते तेव्हा,
आणि फळ्यापासून संडासापर्यंतची पावलं
मुलांच्या पाढ्यांआधी मला पाठ झाली.
एकोणीस.

तोर्शाव्हनच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक भिंत काढली.
पलीकडे जंतू, म्हणाल्या, अब्जावधी,
जन्मापासूनचे शेजारी.
अलीकडे तुमचे पहारेकरी.
कधीतरी एखादा दगड हलला असेल,
शेजारी आत डोकावला असेल. बस्स.
तेव्हापासून पहारा झोपलेलाच नाही.

पण दगड हलवला कुणी?

त्यांनी पेनाला टोपण लावलं.
ते आम्हालाही नीट ठाऊक नाही, म्हणाल्या.

आमच्याकडे प्रत्येक गावाला दगडी बांध असतो,
आत गवत, बाहेर डोंगर आणि मेंढ्या.
त्यावर पाय सोडून बसत मी वाढले.
कुंपणानंच शेत खाल्लं, असं म्हणतात.
माझं तसंही नाही.
शेत वाचवायला धावलेल्यांनीच
शेत तुडवलं,
अजून तुडवताहेत, अगदी मनापासून.

दर आठ आठवड्यांनी बोट. दोन तास.
संडासाजवळच्या खुर्चीवर खलाशी तोकी
न विचारता आपली टोपी ठेवून देतो,
मी येईपर्यंत.
मग खाट, सुई,
आणि पाण्यासारखं दिसणारं औषध
थेंबाथेंबानं निरोप घेऊन आत जातं:
शिंग फुंकू नका. कुणी आलेलं नाही.

ऐकतात ते. बहुतेक वेळा.
आता वर्गात मूल शिंकलं तरी मी खिडकी उघडते,
बाहेर कितीही वारा असो.
खरंच कुणी आलं, तर उठवायचं कुणाला?

मामानं स्कुगीला गोळी घातली नाही.
मुसकं बांधून माझ्याकडे आणून सोडला,
तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळा, म्हणाला,
आणि चहा न घेता गेला.

रात्री मुसकं काढते. तो पायाशी निजतो,
झोपेतच गुरगुरतो, कान ताठ.
माझ्या पोटातही काहीतरी उठून बसतं.
अंधारात हात पुढे करते मी,
हां, हां, म्हणते,
आपलीच आहेत रे ती.