पाचव्या घराचा ठिपका

सहा घरं एका रांगेत, भिंतीला भिंत,
योएनसू गावाबाहेर, जिथून शेवटची बस माघारी वळते.
अकरा वर्षांचा शेजार,
आणि ओळख म्हणाल तर बर्फाच्या फावड्याच्या आवाजापुरती:
पेंटी खरवडतो,
सानेल्मा अंगण झाडावं तसं हळू ढकलते,
राइमो दोनदा आपटतो, मग थांबतो.

दर शनिवारी सहा घरांत सहा सौना तापायचे.
मीटरच्या कपाटात सहा लाल ठिपके
घाईघाईनं लुकलुकत राहायचे,
जणू सगळ्यांनाच कुठेतरी पोचायला उशीर झालाय.

मी सहकारी दुकानाचे हिशेब लिहिले, चौतीस वर्षं.
जमाखर्च जुळला नाही की मला झोप येत नाही.
त्या जानेवारीत लोकरी मोजे चढवून कपाटासमोर उभी राहिले,
आकडे उतरवले,
कागद दाराला चिकटवला. खाली एकच ओळ:
एवढ्या धगीत आपण बसतो किती? नऊ माणसं.

तीन आठवडे कुणी चकार शब्द काढला नाही.
आमच्याकडे त्याचा अर्थ होकारही असू शकतो.
चौथ्या आठवड्यात खाली पेन्सिलीनं उमटलं:
दहा. माझा नातू आलाय.

मग ठरलं. ठरलं म्हणजे
कचऱ्याच्या डब्यांपाशी, उणे अठरात,
जितकं बोलता येतं तितकं बोलून ठरलं.
एका शनिवारी एकच सौना, पाळीपाळीनं.
चारला पुरुष, साडेपाचला बायका आणि पोरं.
होदाननं विचारलं, काय घालून बसायचं?
सानेल्मा म्हणाली, तुला हवं ते. मी तर टोपी घालते.

थंड पडलेल्या सौनांमध्ये हळूहळू संसार शिरला.
पेंटीचे बटाटे. माझी दोरी, तिच्यावर चादरी,
कपडे वाळवायचं यंत्र मी विकूनच टाकलं.
होदानचा मुलगा वरच्या फळीवर पुस्तकं मांडून
खालच्या फळीवर अभ्यासाला बसतो.
म्हणतो, इथे गणितं लवकर सुटतात.

राइमो आला नाही.
शनिवारी पाच ठिपके सावकाश,
एकटा पाचवा धावत सुटलेला.
पेंटी म्हणाला, मतदान घेऊ. मी म्हटलं, नको.
काही खर्च वेगळ्या शाईनं लिहायचे असतात.
हेल्वी जाऊन तीन वर्षं झाली होती,
तरी तो बादलीत पाणी दोघांचंच भरायचा.
मधली भिंत पातळ आहे, ऐकू येतं.

मार्चमध्ये त्याच्या सौनाची तार जळाली.
चारला तो पेंटीच्या दारात, काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी.
आजच्यापुरतं, म्हणाला.

गुंडाळीत बर्चच्या डहाळ्यांची जुडी होती,
गोठून लाकूड झालेली.
हेल्वीनं बांधलेली, तिच्या शेवटच्या जूनमध्ये.
तीन वर्षं एक अख्खा फ्रीझर
या एका जुडीसाठी गुरगुरत होता.
त्यात दुसरं काही नव्हतं. बर्फाचा साचाही नव्हता.

पुढचं मला पेंटीनं सांगितलं, तेही अर्धंच:
कोमट पाण्यात पानं सुटी झाली,
राइमोनं स्वतःच्या पाठीवर दोनदा मारून घेतली,
मग जुडी पुढे दिली. हातोहात फिरली.

तापल्या दगडांवरून उठणाऱ्या वाफेला आमच्या भाषेत वेगळा शब्द आहे.
फार पूर्वी त्याचा अर्थ जीव असा होता म्हणे.
शाळेत शिकलो होतो. विसरले होते.

साडेपाचला आम्ही आत गेलो
तर बाहेर कंबरभर बर्फ आणि आत जून.
होदाननं लांब श्वास घेतला, विचारलं, हा वास कसला?
सानेल्मानं टोपी डोळ्यांवर ओढली.
माझ्या मांडीखाली एक ओलं पान चिकटलं होतं.
मी ते वहीत ठेवलं, मार्चच्या पानावर,
जिथे आकडा लिहायचा राहिला होता.

रात्री आकडा घ्यायला कपाटाशी गेले.
पाचवा ठिपका विझलेला.
वाटलं, फ्यूज उडाला.
पाय गारठेपर्यंत उभी राहिले.
मग एकदाच लुकलुकला,
आणि मी घरी आले.